नावाचीच किल्ली

मिरजेच्या घराचा माळा आवरताना बाबांचा जुना पीसी सापडला. मॉनिटर कधीच भंगारात गेला होता. उरला होता तो पिवळट पडलेला उभा डबा, त्याच्या माथ्यावर आईने घातलेल्या क्रोशाच्या रुमालासकट. माझ्या लेकीने आतली हार्ड डिस्क सोडवली, अडॅप्टर लावून आपल्या लॅपटॉपला जोडली. थोडी कुरकुर करून डिस्क फिरली. प्रोग्राम फाइल्स, त्यात याहू, त्यात मेसेंजर, त्यात प्रोफाइल्स आणि त्यात एकच फोल्डर, बाबांच्या याहू आयडीच्या नावाचं. आणखी आत गेल्यावर माझ्या धाकट्या भावाचा आयडी आणि त्याखाली ओळीने शेकडो फायली. प्रत्येकीचं नाव तारखेने सुरू होणारं: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस.

बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. याहू मेसेंजर बंद पडून सात. तरी बाबांचं आणि भावाचं बोलणं त्या डब्यात जागच्या जागी होतं.

फाइल उघडली तर वाचता येईल असं काहीच दिसेना. नुसती चिन्हं आणि चौकोन. लेकीने थोडं शोधलं आणि म्हणाली, ‘आई, हे कुलूपबंद आहे, पण किल्ली इथेच आहे.’ किल्ली म्हणजे बाबांचा आयडी! मेसेंजर साठवलेल्या प्रत्येक अक्षराची त्या आयडीतल्या अक्षराशी गाठ घालून ठेवायचा. संगणकाच्या लेखी प्रत्येक अक्षर म्हणजे एक आकडा असतो. इंग्रजीतल्या छोट्या ‘के’चा १०७, छोट्या ‘ए’चा ९७. या दोन आकड्यांचे शून्य आणि एकमधले अंक एकमेकांखाली मांडायचे. जिथे ते वेगळे असतील तिथे एक लिहायचा, सारखे असतील तिथे शून्य. उत्तर येतं १०. आता या १० ची ९७ शी पुन्हा तशीच मांडणी केली की १०७ परत मिळतो, म्हणजे ‘के’ परत मिळतो. ज्या क्रियेने कुलूप लागतं त्याच क्रियेने ते उघडतं. आयडी संपला की पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरुवात. एवढंच.

तिजोरी म्हणावी असं हे कुलूप नव्हतंच. बाहेर जाताना किल्ली तुळशीवृंदावनाच्या कोनाड्यात ठेवायची आमच्याकडे रीत होती, तसलं हे होतं. परक्याची नजर सहज पडू नये, घरच्याला अडू नये. लेकीने वीसेक ओळींचा प्रोग्राम लिहिला आणि आजोबा बोलू लागले.

याहू मेसेंजर आला मार्च १९९८ मध्ये. तेव्हा त्याचं नाव याहू पेजर होतं. कमरेला पेजर अडकवण्याचे ते दिवस, नाव त्यावरूनच आलं. पुढच्या वर्षी ते बदलून मेसेंजर झालं. ही कल्पना याहूची नव्हती. इस्रायलमधल्या मिराबिलिस या छोट्या कंपनीने १९९६ च्या नोव्हेंबरात आयसीक्यू काढलं होतं. आपले मित्र या क्षणी इंटरनेटवर आहेत की नाहीत हे दाखवणारी यादी त्याने घरोघर पोचवली. अमेरिका ऑनलाइनचा एआयएम मे १९९७ मध्ये आला आणि मायक्रोसॉफ्टचा एमएसएन मेसेंजर जुलै १९९९ मध्ये. आपल्याकडे मुंबईच्या रेडिफचा ‘बोल’ही होता. पण भारतात याहूने जी घरं केली ती बाकीच्यांना जमली नाहीत. त्याचं कारण मला साधं वाटतं: लोकांचं ईमेलचं खातं आधीच याहूवर होतं, तोच आयडी आणि तोच पासवर्ड घेऊन गप्पाही मारता यायच्या.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगममार्फत. तीन वर्षांनी खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली आणि बघता बघता तालुक्याच्या गावांतही सायबर कॅफेच्या पाट्या लागल्या. प्लायवूडच्या फळ्यांनी पाडलेले खण, गुडघ्याला लागणारा सीपीयू, अक्षरं पुसलेला कीबोर्ड आणि काउंटरवर वहीत वेळ टिपणारा मुलगा. त्याच सुमारास इथली मुलं वर्ष २००० च्या संगणक दुरुस्तीच्या कामाने आणि त्यानंतरच्या आउटसोर्सिंगच्या लाटेत अमेरिकेला निघाली. पुणे, नाशिक, सांगली, कोल्हापूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून बाहेर पडलेली पोरं न्यू जर्सीत आणि कॅलिफोर्नियात जाऊन राहिली. मागे राहिलेल्या आईवडिलांपुढे दोनच वाटा होत्या. एक आयएसडी बूथची. काचेच्या खोक्यात उभं राहायचं आणि समोर लाल आकडे पळत असताना काय बोलायचं होतं तेच विसरायचं. दुसरी मेसेंजरची.

बाबा एसटीतून निवृत्त झाले होते. टाइपरायटर त्यांना येत होता, त्यामुळे कीबोर्डची भीती नव्हती. भाऊ न्यू जर्सीतल्या एडिसनला गेला तेव्हा कॅफेवाल्या मुलाने त्यांना आयडी काढून दिला आणि वर्षभराने घरीच असेंबल केलेला पीसी आला. मग घराचं वेळापत्रक बदललं. पहाटे दूध तापायला ठेवून बाबा नेट लावायचे. मोडेमची ती किरकिर चालू असेपर्यंत घरातला फोन एंगेज. आपल्याकडे साडेसहा म्हणजे तिकडे हिवाळ्यात आदल्या रात्रीचे आठ, उन्हाळ्यात नऊ. तिकडची घड्याळं वर्षातून दोनदा सरकतात हे बाबांच्या पचनी पडायला दोन वर्षं लागली. भावाच्या नावापुढचा करडा चेहरा पिवळा झाला की ते आईला हाक मारायचे, ‘आला गं!’ दाराशी पाहुणा आल्यासारखे.

त्या ‘आला’मध्ये मेसेंजरचं सगळं सार होतं. आजचा फोन आपल्याला चोवीस तास जोडून ठेवतो, त्यामुळे येणं आणि जाणं या गोष्टीच राहिल्या नाहीत. मेसेंजरवर माणूस यायचा आणि निरोप घेऊन जायचा. पाच मिनिटांत येतो, कामात आहे, जेवायला गेलोय, अशा पाट्या लावायचा. कुणाला भेटायचं नसेल तर इन्व्हिजिबल होऊन बसायचा आणि आपण आल्याचं कुणाला कळू द्यायचा नाही. समोरचा गप्प बसला तर कंट्रोल आणि जी दाबून ‘बझ’ द्यायची सोय होती. त्याने समोरच्याच्या पडद्यावरची खिडकी गदगदा हलायची. बाबांना ती फार आवडायची. झोपलेल्याला खांद्याला धरून उठवावं तसं वाटतं म्हणायचे.

मराठी लिहायचं ते रोमन लिपीतून. ज्याची त्याची बाराखडी वेगळी. बाबा ‘आ’साठी न चुकता दोनदा ‘ए’ मारायचे, भाऊ एकातच भागवायचा. लेकीने उलगडलेल्या ओळी वाचताना कुठली कुणाची हे मला आयडी न बघता कळत होतं.

हे सगळं बोलणं बाबांच्या डिस्कवर राहिलं त्याला कारण आहे. बोलणं साठवायचं की नाही हे मेसेंजरच्या सेटिंगमध्ये ठरवता यायचं. साठवायचं म्हटलं तर ते तुमच्याच संगणकावर राहायचं. निरोप याहूच्या सर्व्हरवरून जायचा यायचा, पण वहीत उतरायचा तुमच्या घरी. आज हे साधं वाटणार नाही, कारण आता वही त्यांच्याकडे असते आणि आपण ती वाचायला जातो.

जाता येता वाटेवर मात्र कुणी तरी बघत होतं. फेब्रुवारी २०१४ मध्ये ‘द गार्डियन’ने अमेरिकी गुप्तचर यंत्रणेत काम केलेल्या एडवर्ड स्नोडेन यांनी बाहेर काढलेल्या कागदपत्रांवरून एक बातमी दिली. ब्रिटिश हेरखात्याच्या ‘ऑप्टिक नर्व्ह’ नावाच्या कार्यक्रमात याहूच्या वेबकॅम गप्पांमधली चित्रं टिपून ठेवली जात होती. दर पाच मिनिटांना एक चित्र. २००८ मधल्या सहा महिन्यांत जगभरातल्या १८ लाखांहून अधिक खात्यांची चित्रं अशी गोळा झाली, आणि त्यात संशयित नसलेली साधी माणसं होती. याहूने आपल्याला याची कल्पना नव्हती असं सांगून कडक निषेध केला. ही बातमी मी त्या वर्षीही वाचली होती. पण आता बाबांची फोल्डरं उघडल्यावर ती वेगळी लागली. २००८ मध्ये पहाटे माझी आईही त्या वेबकॅमसमोर बसायची, नातवाला काजळाची तीट लावली आहे का ते बघायला. तिचं एखादं चित्र कुणाच्या कपाटात गेलं का, हा विचार मला अजून बोचतो.

उतार सुरू झाला तो फोनमुळे, असं सगळे सांगतात आणि ते खरं आहे. मेसेंजरची सारी रचना टेबलावरच्या संगणकाभोवती होती, माणूस समोर बसला की हजर, उठला की गैरहजर. खिशातल्या फोनला हा हिशेब लागू पडेना. यातली एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. ब्रायन ॲक्टन आणि यान कूम हे दोघे याहूमध्ये वर्षानुवर्षं नोकरीला होते. २००७ मध्ये त्यांनी ती सोडली आणि २००९ मध्ये व्हॉट्सॲप काढलं. त्याला आयडी लागत नव्हता, फोन नंबर हीच ओळख. ज्या घरातून गप्पांची सवय लागली त्याच घरातल्या माणसांनी पुढची चावडी बांधली. २०१४ मध्ये फेसबुकने ती १९ अब्ज डॉलरला घेतल्याचं जाहीर झालं. खुद्द याहूचा मुख्य व्यवसाय २०१७ मध्ये व्हेरायझनने घेतला तो साधारण साडेचार अब्जांना.

याहूने आपला मेसेंजर तुकड्यातुकड्याने आवरला. अनोळखी लोक जिथे जमायचे त्या सार्वजनिक चॅट रूम १४ डिसेंबर २०१२ ला बंद झाल्या. डिसेंबर २०१५ मध्ये अगदी नव्याने लिहिलेली आवृत्ती आली, फोनवर चालणारी, फोटो पटापट पाठवणारी, पाठवलेला निरोप मागे घेऊ देणारी. ५ ऑगस्ट २०१६ ला जुनी आवृत्ती थांबवली गेली. माझ्या मते खरा शेवट तो होता, कारण वही घरातून त्यांच्या सर्व्हरवर गेली ती तेव्हा.

हे सगळ्यात आधी ओळखलं तेलाच्या दलालांनी. जगभरातले कच्च्या तेलाचे व्यापारी तोवर आपले सौदे याहू मेसेंजरवर ठरवत होते. भाव विचारायचा, भाव सांगायचा, ‘झालं’ म्हणायचं, की कोट्यवधी डॉलरचा माल समुद्रातल्या जहाजावरच हात बदलायचा. त्यांच्या कंपन्यांना कायद्याने प्रत्येक बोलण्याची नोंद स्वतःकडे ठेवावी लागते. नव्या आवृत्तीत ती जुनी सोय राहिली नाही, म्हणून त्यांनी त्या उन्हाळ्यात बिऱ्हाड हलवलं. बाबांच्या वयाच्या लोकांना असा सल्ला द्यायला कुणी नव्हतं.

८ जून २०१८ ला घोषणा झाली आणि १७ जुलै २०१८ ला याहू मेसेंजर थांबला. वीस वर्षं आणि वर चार महिने. आपल्या गप्पा उतरवून घ्यायला लोकांना सहा महिन्यांची मुदत दिली होती. बदली म्हणून ‘स्क्विरल’ हे गटांसाठीचं नवं ॲप पुढे केलं. ते ‘टुगेदर’ झालं आणि एप्रिल २०१९ मध्ये तेही गेलं. एआयएम त्याआधीच, १५ डिसेंबर २०१७ ला मिटला होता. ज्याने ही वाट पाडली तो आयसीक्यू २६ जून २०२४ पर्यंत तग धरून होता. एमएसएनवाल्यांना ज्या स्काइपवर हलवलं होतं, तो स्काइप ५ मे २०२५ ला बंद झाला. याहूने दिली तशी सहा महिन्यांची मुदत ज्याला बातमी कळते त्याला पुरते. पासवर्ड विसरलेल्या आईला, आयडीचा मालकच उरला नाही अशा घराला ती सहा दिवसांसारखी.

लेकीने उलगडलेल्या फायलींतली एक २००५ च्या लक्ष्मीपूजनाची आहे, १ नोव्हेंबरची. प्रत्येक ओळीपुढे वेळेचा आकडा असतो, १९७० च्या पहिल्या दिवसापासून मोजलेल्या सेकंदांचा. पहिल्या ओळीपुढे ११३०८०६८१२, म्हणजे आपले सकाळचे साडेसहा वाजून बारा सेकंद. त्यानंतर ० असेल तर ओळ बाबांची, १ असेल तर भावाची. बाबांनी विचारलंय, अभ्यंगस्नान केलंस का. भाऊ सांगतोय, इथे अजून कालचीच रात्र आहे. बरोबरच होतं, तिकडे ३१ ऑक्टोबरचे रात्रीचे आठ वाजले होते. मग तो लिहितो, बाबा, दारावर शेजारची मुलं आलीयत, सोंगं घेऊन. इथे आज असा सण असतो, चॉकलेट द्यायचं असतं म्हणे, आणि घरात एकही नाही.

बाबा: दाराशी आलेल्याला रिकामं पाठवू नकोस.

भाऊ: पारले-जी आहे.

बाबा: मग तेच दे. जा. मी थांबतो.

त्यापुढच्या दोन आकड्यांत ४१२ सेकंदांचं अंतर आहे. या पावणेसात मिनिटांत बाबांनी एकही ओळ लिहिलेली नाही, बझसुद्धा दिलेला नाही.