पाणकावळा पंख का वाळवतो?

ठाण्यातील मासुंदा किंवा उपवन तलावाच्या, नाहीतर कल्याणच्या काळ्या तलावाच्या काठी थोडा वेळ थांबा. ओंडक्यावर किंवा खांबावर दोन्ही पंख पसरून बसलेला काळा पक्षी बहुधा तुमच्या दृष्टीस पडेल. हाच पाणकावळा. नावात कावळा असला तरी कावळ्याशी त्याचे नाते नाही. त्याच्या पायाची चारही बोटे पडद्याने जोडलेली असतात, बदकाची तीनच.

पाणकावळ्यांच्या जगात सुमारे 40 जाती आहेत. भारतात तीन आढळतात. आपल्याकडे नेहमी दिसतो तो छोटा पाणकावळा. त्याची लांबी सुमारे 50 सेंटिमीटर व चोच आखूड असते. भारतीय पाणकावळा याहून मोठा, त्याची चोच लांब व सडपातळ. मोठा पाणकावळा 80 सेंटिमीटरांच्या आसपास भरतो. तिघांच्याही चोचीचे टोक आकड्यासारखे वाकलेले असते, त्यामुळे निसरडा मासा सुटत नाही.

आता गंमत पाहा. जन्मभर पाण्यात बुड्या मारणाऱ्या या पक्ष्याची पिसे भिजतात! त्याला तेलग्रंथी नसते असे पुष्कळदा सांगितले जाते, पण ते खरे नाही; ती असते. मग पिसे भिजतात का?

उत्तर आर्किमिडीजच्या तत्त्वात आहे. पिसांत 100 घनसेंटिमीटर हवा अडकली आहे असे समजा. बुडी मारताच ती तितकेच पाणी बाजूला सारील आणि पक्ष्याला सुमारे 100 ग्रॅम वजनाइतक्या बलाने वर ढकलील. खोल गेल्यावर दाबाने हवा आकसते हे बॉइलच्या नियमावरून तुम्हांला ठाऊक आहे. 10 मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो, म्हणून हवेचे आकारमान निम्मे होते. पण उथळ तलावात 2 मीटरांवर ते फक्त एक-षष्ठांशाने घटते. म्हणजे उथळ पाण्यातच हवेचा अडथळा अधिक! पिसे भिजली की ही हवा निघून जाते आणि माशामागे धावणे सोपे होते.

पण सगळीच हवा गेली तर पक्षी गारठेल. मोठ्या पाणकावळ्याच्या पिसांची तपासणी केल्यावर असे दिसले, की पिसाची कड भिजते, मधला भाग मात्र पाणी धरत नाही. कातडीलगत हवेचा पातळ थर टिकतो. बाहेर ओले, आत कोरडे!

या सोयीची किंमत म्हणजे उन्हावाऱ्यात पंख पसरून बसणे. गालापागोस बेटांवरील पाणकावळ्याला उडता येत नाही, तरी तोही आपले खुरटे पंख वाळवतो.

हा आतला कोरडा थर पाण्याच्या पृष्ठताणावर अवलंबून असतो. साबणचुऱ्याने पृष्ठताण कमी होतो, तेलाने पिसे चिकटतात. अशा वेळी पाणी थेट कातडीपर्यंत पोहोचते. ठाण्याची खाडी 2022 साली रामसर यादीत आली. पण घराघरांतून नाल्यात जाणारे फेसाळ पाणी शेवटी खाडीकडेच वाहते, हे विसरून चालणार नाही.

एका रविवारी घड्याळ व वही घेऊन तलावावर जा. पाणकावळा किती वेळा बुडी मारतो, नंतर किती मिनिटे पंख उघडे ठेवतो, वारा होता का, ऊन होते का, हे टिपून ठेवा. ढगाळ दिवशी पुन्हा जा. दोन्ही दिवसांच्या नोंदींत फरक पडतो का, ते तुम्हीच पडताळून पाहा.