चार निर्वाचकांचे राज्य

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात न्यू हॅम्पशायर नावाचे एक चिमुकले राज्य आहे. अध्यक्ष निवडणाऱ्या ५३८ निर्वाचकांपैकी त्याच्या वाट्याला अवघे चार येतात. एवढ्याशा राज्याची दखल ती काय घ्यायची, असे कोणी म्हणेल. त्याने २००० सालचा हिशेब पाहावा. तेथे बुश यांना गोर यांच्यापेक्षा ७,२११ मते अधिक पडली. तिसरे उमेदवार नेडर यांनी बावीस हजारांवर मते घेतली. ती सारी गोर यांचीच होती असे म्हणणे धाडसाचे होईल. राज्यात जो पुढे, त्याला तेथील सगळे निर्वाचक, असा नियम असल्याने चारही बुश यांच्या पदरात पडले. त्यांची बेरीज झाली २७१. हवे होते २७०. फ्लोरिडाच्या फेरमोजणीचा गाजावाजा जगभर झाला. पण हे चार गोर यांना मिळते, तर फ्लोरिडा गमावूनही ते अध्यक्ष झाले असते, हे आम्हांला अधिक विचार करण्यासारखे वाटते.

१९१६ साली तर विल्सन यांनी हे राज्य अवघ्या ५६ मतांनी जिंकले होते. आपल्या ग्रामपंचायतीला शोभावा असाच हा फरक!

१९६८ ते १९८८ रिपब्लिकन आणि १९९२ पासून, २००० चा अपवाद सोडता, डेमोक्रॅटिक, असा येथील कौल. म्हणून राज्य एका पक्षाचे झाले म्हणावे, तर २०१६ साली हिलरी क्लिंटन यांचे आधिक्य तीन हजारांचेही नव्हते. कोणत्याच पक्षाकडे नाव न नोंदविणारे मतदार येथे फार. २०२४ साली याच मतदारांनी एकाच दिवशी अध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक हॅरिस यांना कौल दिला आणि गव्हर्नरपदी रिपब्लिकन केली एयॉट यांना बसविले.