एचआयव्हीसोबत हिपॅटायटिस बी: रिपोर्ट फसवतो तेव्हा

सोबतीला एचआयव्ही असला की हिपॅटायटिस बीचे आकडे जरा बुचकळ्यात टाकतात. प्रतिकारशक्तीच खचलेली, त्यामुळे रक्तात हिपॅटायटिस बी विषाणूचा डीएनए भरपूर, पण यकृताची सूज दाखवणारा एसजीपीटी पुष्कळदा बेताचाच. एचआयव्हीच्या उपचाराच्या (एआरटी) केंद्रावर मिळणाऱ्या ‘टीएलडी’ गोळीतली टेनोफोव्हिर आणि लॅमिव्ह्युडिन दोन्ही विषाणूंवर चालतात. डीएनए उतरतो. प्रतिकारशक्तीच्या सीडी४ पेशी सावरू लागल्या की पहिल्या काही आठवड्यांत एसजीपीटी कधीकधी उसळतो. दरवेळी दोष औषधाचा नसतो. हिपॅटायटिस बीचा ‘ई’ अँटिजेन जाण्याची ती नांदीही असू शकते. त्याचा पृष्ठभागावरचा अँटिजेन, एचबीएसएजी, मात्र चिवट, बहुतेकांत वर्षानुवर्षं पॉझिटिव्हच. पूर्वी अशा रुग्णांना हिपॅटायटिस बीवर नुसतं लॅमिव्ह्युडिन देत, तेव्हा ४ वर्षांत सुमारे ९० टक्के रुग्णांत विषाणू त्याला जुमानेनासा होई. आणि गोळी परस्पर बंद केली, तर डीएनए पुन्हा चढतो. क्वचित यकृतही निकामी होतं.