हार्ड डिस्क नाही, तरी पीसी सुरू!

परवा एका शाळेच्या लॅबमध्ये पीसीची केस उघडून दाखवली. मुलं चक्रावली. आत हार्ड डिस्कच नाही आणि स्क्रीनवर उबुंटू चालू!

ही पीएक्सईची, म्हणजे नेटवर्कवरून पीसी बूट करण्याच्या सोयीची करामत. इंटेलने १९९०च्या दशकाच्या शेवटी आणलेली ही सोय आज बहुतेक मदरबोर्डांत असते, फक्त बायोसमध्ये जाऊन चालू करावी लागते.

बटण दाबलं की नेटवर्क कार्ड लॅनवर हाक मारतं: मला आयपी द्या, आणि बूट फाइल कुठे आहे तेही सांगा. डीएचसीपी सर्व्हर दोन्ही सांगतो. ती छोटी फाइल टीएफटीपीने येते, मागोमाग लिनक्सचा कर्नल. मग कर्नल सर्व्हरवरचा फोल्डर एनएफएसने जोडून घेतो आणि त्यालाच आपली डिस्क मानतो.

टीएफटीपी मात्र फार जुन्या वळणाचा. मूळ पद्धतीत ५१२ बाइटचा एक तुकडा पाठवायचा, पोच आली की पुढचा. म्हणून मी आयपीएक्सई हा बूटलोडर वापरतो. तो एचटीटीपीवरून फाइली भराभर ओढतो.

सॉफ्टवेअर एकदाच टाकायचं, सर्व्हरवर. सर्व्हरवरची इमेज रीड-ओन्ली ठेवली तर पोरांनी कितीही उचापती केल्या तरी रीस्टार्टनंतर पीसी पुन्हा कोरा. पण सर्व्हर पडला की अख्खी लॅब ठप्प!

वायफायच्या फंदात पडू नका, केबलच लावा. राउटरचा डीएचसीपी आधीच चालू असेल तर दुसरा उभा करू नका. त्याऐवजी सर्व्हरवर डीएनएसमास्क हा प्रोग्राम प्रॉक्सी मोडमध्ये चालवा, म्हणजे आयपी राउटरच देईल आणि बूट फाइलचा पत्ता तो सांगेल.

जुने पीसी धूळ खात असतील तर अशी बिनडिस्कची लॅब उभारून देणारं एलटीएसपी हे सॉफ्टवेअर बघा, फुकट आहे. अडलात तर एररचा फोटो खाली टाका.