विश्लेषण : वाड्याच्या भिंतीवर हरणाची शिंगे आहेत? साफ करण्याआधी, हलवण्याआधी हे वाचा…

जुना वाडा पाडायचा ठरला की सागवानी खांब कोण नेणार, दरवाजे कितीला जाणार याची बोलणी आधी होतात. दिवाणखान्यात लाकडी पाटीवर बसवलेली हरणाची कवटी मात्र कुणाच्या यादीत नसते. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील काही जुन्या घरांत निजामकाळापासूनची अशी शिंगे आजही दिसतात. वाटण्या झाल्या की कुणी ती पॉलिश करून फ्लॅटमध्ये लावू म्हणतो, कुणी भंगारात देऊ म्हणतो, तर कुणी फोटो काढून विक्रीसाठी टाकतो. यातली कुठलीही गोष्ट कागदपत्रांशिवाय केली, तर शिकार न केलेला नातूही गुन्ह्यात अडकू शकतो. ते कसे, ते समजून घेऊ.

हे ‘हरीण’ नेमके कोणते?

मराठवाड्यात हरीण म्हटले की बहुतेकदा काळवीट समोर येते. सोयाबीन, हरभऱ्याच्या शेतात कळपाने उतरणारे तेच. शास्त्रीयदृष्ट्या मात्र काळवीट आणि चिंकारा ही हरणे नव्हेत, ती कुरंग गटातली. त्यांची शिंगे आयुष्यभर टिकतात. आत हाडाचा गाभा आणि वर नखांसारख्याच केराटिनचे पोकळ आवरण, अशी त्यांची रचना असते. चितळ आणि सांबर ही खरी हरणे. त्यांची फांद्या फुटलेली शिंगे भरीव हाडाची असतात, ठरावीक काळाने गळून पडतात आणि पुन्हा येतात.

ओळखायला सोपे आहे. पिळाची, फांद्या नसलेली शिंगे काळविटाची आणि फांद्या असलेली चितळ-सांबराची. काळवीट आणि चिंकारा दोन्ही वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या यादीत आहेत.

भिंतीवरची कवटी तयार कशी होते?

कातडी, मांस, डोळे आणि मेंदू काढल्यावर कवटी काही दिवस ते काही आठवडे पाण्यात ठेवतात. जिवाणू उरलेले मांस खाऊन टाकतात. दुसरी पद्धत मंद आचेवर तापवण्याची. पाणी खळखळून उकळले तर नाकाची पातळ हाडे सांध्यांतून सुटतात आणि हाडातली चरबी आतच मुरून पुढे पिवळे डाग पडतात. संग्रहालयांत हेच काम मांस कुरतडणाऱ्या भुंगेऱ्यांकडून करून घेतात.

काळविटाच्या शिंगावरचे आवरण भिजून सैल झाले की ओढून काढतात, आतला गाभा स्वच्छ करतात आणि आवरण पुन्हा बसवतात. चितळ-सांबराचे शिंग असे निघत नाही, म्हणून ते पाण्याच्या वर ठेवले जाते. शेवटी साबणाच्या कोमट पाण्यात चरबी काढून हायड्रोजन पेरॉक्साइडने कवटी पांढरी करतात. कपड्यांचे ब्लीच वापरले तर हाड ठिसूळ होते. मग पाटीवर स्क्रूने बसवून खाली शिकारीचे ठिकाण आणि तारीख लिहिली जाते.

हे काम कोण करत असे, आता कोण करते?

संस्थानिक आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या शिकारी देशभरातून म्हैसूरच्या ‘व्हॅन इंगेन’ या कारखान्यात जात. सुमारे शतकभर चाललेला हा कारखाना १९९९मध्ये बंद झाला. त्या काळी कातडीला कीड लागू नये म्हणून आर्सेनिकही वापरले जाई. त्यामुळे कातडीसह पेंढा भरलेले जुने मुंडके उघड्या हाताने झटकणे धोक्याचे आहे.

आज महाराष्ट्रात सरकारी पातळीवर हे काम बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील केंद्रात होते. २००९मध्ये सुरू झालेले हे केंद्र मुंबई पशुवैद्यक महाविद्यालयातील शरीररचनाशास्त्राचे अध्यापक डॉ. संतोष गायकवाड यांच्या पुढाकाराने उभे राहिले. तिथे शिकारीचे नव्हे, तर नैसर्गिकरीत्या किंवा अपघातात मेलेले प्राणी अभ्यासासाठी जतन केले जातात. हाडे स्वच्छ करण्याचे तंत्र तेच, उद्देश वेगळा.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२नुसार जतन केलेले शिंग, हाड, कातडी, दात, नख हे सारे ‘ट्रॉफी’ ठरते. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याची ट्रॉफी घरात ठेवायची तर मुख्य वन्यजीव रक्षकांचे मालकी प्रमाणपत्र लागते. कायदा आला तेव्हा अशा वस्तू जाहीर करण्यासाठी ३० दिवस होते. ज्यांचे राहून गेले त्यांना २००३मध्ये १८० दिवसांची आणखी एक संधी मिळाली. ती मुदत त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संपली.

ट्रॉफी ज्याच्या ताब्यात सापडते, त्याचा ताबा बेकायदा आहे असेच कायदा आधी गृहीत धरतो. तो कायदेशीर असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावरच असते. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैद, शिवाय किमान २५ हजार रुपये दंड आहे.

वारसांनी काय करायचे?

प्रमाणपत्र आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावर असेल, तर ते आपोआप वारसाच्या नावावर होत नाही. वारशाने वस्तू मिळाल्यापासून ९० दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याकडे ती जाहीर करावी लागते. त्यानंतर चौकशी होऊन नवे प्रमाणपत्र मिळू शकते. सातबाऱ्यावर वारसनोंद लावताना या कागदाची आठवण क्वचितच होते आणि मुदत तिथेच निघून जाते.

प्रमाणपत्र असले तरी ट्रॉफी विकता येत नाही, विकायला काढताही येत नाही. नांदेड, देगलूर किंवा उदगीरहून हैदराबादला घर हलवताना ती सोबत नेली, तर राज्य बदलल्यामुळे ३० दिवसांत कळवावे लागते. वन विभागाने ट्रॉफीवर ओळखखूण केली असेल, तर ती पुसणे हाही गुन्हा आहे. त्यामुळे घासून-पुसून, रंग काढून पॉलिश करण्याची हौस महागात पडू शकते. ट्रॉफी नकोच असेल, तर २०२२च्या दुरुस्तीनुसार प्रमाणपत्रधारक सात कामकाजी दिवसांची पूर्वसूचना देऊन ती सरकारजमा करू शकतो. त्याचा मोबदला मात्र मिळत नाही.

कागदच सापडत नसेल तर?

आधी घरातली जुनी कागदपत्रे, शिकारीचा परवाना, बंदुकीचा परवाना, तारीख असलेले फोटो शोधा. ट्रॉफी जागेवरून हलवू नका, कुणाला देऊ नका, जाळू किंवा पुरू नका. वकिलाचा सल्ला घेऊन उपवनसंरक्षक कार्यालयाला लेखी कळवा. छाप्यात वस्तू सापडण्यापेक्षा स्वतःहून दिलेला अर्ज केव्हाही बरा.

शेतात मेलेले हरीण किंवा गळालेले शिंग सापडले तर?

तेही घरी न्यायचे नाही. मेलेला वन्यप्राणी आणि त्याचे अवयव सरकारी मालमत्ता आहेत. ते ताब्यात आले तर ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत वन अधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक आहे. विहिरीत पडून किंवा कुत्र्यांच्या हल्ल्यात काळवीट मेले, तर हात न लावता वन विभागाच्या १९२६ या टोल फ्री क्रमांकावर फोन करा. पंचनामा वन कर्मचारी करतात.

भिंतीवरची कवटी नीट साफ केलेली असेल, तर शंभर वर्षेही टिकते. तिचा कागद मात्र प्रत्येक पिढीने नव्याने करून घ्यावा लागतो.