झांकलेल्या दिव्याचा उजेड



धूर दिसला कीं तेथें अग्नि असावा, हें आपल्या नैयायिकांचें आवडतें उदाहरण आहे. आकाशांतील एक अग्निही ज्योतिर्विदांनीं अशाच अनुमानानें शोधून काढला.

तिमिंगल नांवाच्या तारकासमूहांत एक दीर्घिका, म्हणजे अब्जावधि ताऱ्यांचें नगर, आहे. मेसिये ह्यांच्या यादींत तिचा अनुक्रमांक ७७. लहान दुर्बिणींतून ती धुरकट ठिपक्यासारखी दिसते. तिचा प्रकाश आपणांपर्यंत येण्यास सुमारें साडेचार ते पांच कोटि वर्षें लागतात. तरी दीर्घिकांच्या मानानें ती शेजारीणच म्हणावयाची.

१९०८ सालीं फाथ ह्यांनीं तिच्या केंद्राचा प्रकाश पृथक् करून पाहिला, तेव्हां वर्णपटांत तेजस्वी रेषा आढळल्या. अशा रेषा विरळ, तप्त वायूच्या असतात. त्यांतील ठळक हिरवी रेषा कोणाची, हें तेजोमेघांच्या अभ्यासांतून उलगडलें. १९२७ सालीं बोवेन ह्यांनीं दाखविलें कीं, ती दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या प्राणवायूची आहे. असे इलेक्ट्रॉन निसटलेल्या वायूस आयनीभूत वायु म्हणतात. ते निखळविण्यास अत्यंत तीव्र नीलातीत किरण लागतात.

मग हे किरण देणारा दिवा कोठें आहे? सरळ पाहतां तो दिसेना. १९८५ सालीं अँटोनुची व मिलर ह्यांनीं एक युक्ति योजिली. कणांवर आपटून विखुरलेल्या प्रकाशाचीं कंपनें एका दिशेंत अधिक असतात. तेवढाच प्रकाश त्यांनीं निवडून तपासला. त्यांत हायड्रोजनच्या फार रुंद रेषा मिळाल्या. रेषा रुंद म्हणजे वायूचा वेग मोठा. तो सेकंदास हजारों किलोमीटर भरला.

अर्थ उघड झाला. केंद्रीं कोटि सूर्यांच्या घरांतील वस्तुमानाचें कृष्णविवर आहे. त्याकडे ओढलें जाणारें द्रव्य तापून प्रखर प्रकाशतें. परंतु सभोंवारच्या धुळीच्या जाड कड्यानें तें आपल्या दृष्टीआड केलें आहे. कड्याच्या मोकळ्या तोंडांतून शंकूसारखा बाहेर पडणारा प्रकाश वाटेंतील वायु आयनीभूत करतो, आणि सुटे झालेले इलेक्ट्रॉन त्या प्रकाशाचा अल्प अंश आरशाप्रमाणें आपल्याकडे वळवितात.

रुंद रेषांच्या आणि अरुंद रेषांच्या दीर्घिका ह्या दोन निराळ्या जाती मानल्या जात. ह्या शोधानें दिसून आलें कीं, पुष्कळदां भेद वस्तूंत नसून आपण कोणत्या बाजूनें पाहतों ह्यांत असतो. जात ठरविण्यापूर्वीं पाहणाराची जागा तपासावी, हा धडा ज्योतिषापुरताच नाहीं.