जीमेल भरलंय? आधी मोठे मेल शोधा

सोसायटीतल्या एका निवृत्त शिक्षिकेला मेल येणंच बंद झालं. खातं भरलं होतं. रोज ढीगभर जाहिराती पुसूनही जागेची पट्टी हलत नव्हती.

हलणार कशी? जाहिरातीचा मेल काही केबींचा, तर लग्नाचे फोटो जोडलेला एकच मेल २० एमबीचा. २००४ साली जीमेल आलं तेव्हा १ जीबीचंही अप्रूप होतं. आज १५ जीबी फुकट मिळते, पण ती मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून. अँड्रॉइड फोनवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्यातच धरला जातो.

म्हणून संख्येऐवजी आकार बघावा. जीमेलच्या सर्चमध्ये इंग्रजीत 'लार्जर', लगेच कोलन आणि '१०एम' असं मध्ये जागा न सोडता टाइप केलं, की १० एमबीहून मोठे मेल तेवढे समोर येतात. शिक्षिकेच्या यादीत स्नेहसंमेलनाचे व्हिडिओ निघाले, एकच व्हिडिओ तिघांनी पाठवलेला! हवे ते पेन ड्राइव्हवर उतरवून बाकीचे पुसले.

पट्टी तरी तिथेच. पुसलेला मेल ३० दिवस ट्रॅशमध्ये राहतो आणि जागा अडवतो. ट्रॅश रिकामा केला तेव्हा कुठे पट्टी मागे सरकली. तिथून गेलेलं परत मिळत नाही, त्यामुळे आधी एकदा नजर फिरवावीच.